एक कॉम्प्युटर, पाच माणसं आणि कास्तकाराचे कागद

गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात बहुतेक ठिकाणी एकच कॉम्प्युटर असतो. सकाळी काट्यावरचा माणूस त्यावर कापसाच्या पावत्या काढतो. दुपारी हिशोब बघणाऱ्या ताई चुकाऱ्याची यादी करतात. मधेच एखादा कास्तकार आधार कार्ड, सातबारा आणि बँकेचं पासबुक घेऊन येतो, ते स्कॅन होतं. संध्याकाळी सचिव सभेचा ठराव टाइप करत बसतात. हे सगळं एकाच लॉगिनमधून चालतं आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असतो. कोणतीही फाईल कोणीही उघडावी, बदलावी, उडवावी. चुकाऱ्याच्या यादीतला एक आकडा बदलला तर तो कोणी बदलला, हे सांगायला काहीच पुरावा उरत नाही.

कॉम्प्युटर तोच ठेवून, एक रुपयाही न खर्चता हे बदलता येतं. १९७० च्या दशकातलं युनिक्स अनेक माणसांनी एकच यंत्र वापरावं यासाठीच घडलं, आणि आजच्या लिनक्सला ती सोय वारशात मिळालेली आहे. पुढचं सगळं उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराला धरून लिहिलं आहे, डेबियन या त्याच्या भावंडावरही ते तसंच चालतं. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी कागद, मग कीबोर्ड

एका कोऱ्या कागदावर डावीकडे फोल्डर लिहा आणि वर कामं लिहा. समजा फोल्डर चार: हिशोब, काटा, सभासद आणि सामायिक. हिशोबाचं फोल्डर हिशोबनीस आणि सचिव यांना लागतं. काट्याच्या पावत्या काटेवाल्याला लागतात, पण वजन कळल्याशिवाय चुकारा निघत नाही, म्हणून हिशोबनीसालाही लागतात. सभासदांचे आधार आणि पासबुक फक्त नोंदणी करणाऱ्या ताईंना आणि सचिवांना. काटेवाल्याला त्यांचं काही काम नाही, तेव्हा त्याला ते दिसायलाही नकोत. यात अविश्वासाचा प्रश्न येत नाही. कास्तकाराने कागद नोंदणीसाठी दिला, त्या कामापुरताच तो उघडावा, एवढं आपण त्याला देणं लागतो.

या कागदावरून एक नियम निघतो आणि तो मोडू नये: खातं माणसाच्या नावाचं, गट कामाच्या नावाचा. "काटा" नावाचं खातं काढून त्याचा पासवर्ड तिघांना दिला, की पुन्हा चिठ्ठीवर आलो. खातं प्रत्येकाचं वेगळं, आणि हक्क मात्र गटाला. उद्या काट्यावरचा माणूस बदलला तर एकाही फाईलला हात लावावा लागत नाही. जुन्याला गटातून काढलं, नव्याला घातलं, संपलं.

गटांची नावं रोमन लहान अक्षरांतच ठेवा. देवनागरी नाव ॲडयूजर आणि ॲडग्रुप (खातं आणि गट काढायच्या आज्ञा) मूळ सेटिंगमध्ये घेत नाहीत. फोल्डर आणि फाईलचं नाव मात्र खुशाल मराठीत द्या. एकच काळजी: लिनक्समध्ये फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे नाव ८५ चिन्हांपर्यंतच जातं. ठरावाचा अख्खा विषय फाईलच्या नावात कोंबणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

फोल्डरची पांदण

फाईलवर तीन हक्क असतात: वाचणं, लिहिणं, चालवणं. त्यांचे आकडे ४, २ आणि १. हे तीन हक्क तिघांसाठी वेगळे लिहिलेले असतात: मालक, गट आणि बाकी जग. म्हणून ६६० म्हणजे मालकाला वाच-लिही, गटाला वाच-लिही, बाकीच्यांना काही नाही. इथवर सगळ्यांना समजतं. घोटाळा फोल्डरपाशी होतो, कारण तिथे याच तीन अक्षरांचे अर्थ बदलतात.

फोल्डरवरचा "चालवणं" हा हक्क म्हणजे पांदण. शेत तुमच्या नावावर असेल, सातबाराही हातात असेल, पण मधल्या धुऱ्यावर कोणी काटेरी झाडं टाकून वाट अडवली तर बंडी शेतात जात नाही. फाईलला सगळे हक्क दिले, पण तिच्या वरच्या एखाद्या फोल्डरवर चालण्याचा हक्क नसेल, तर ती उघडत नाही. वाचण्याचा हक्क म्हणजे फोल्डरमध्ये काय काय आहे त्याची यादी दिसणं. आणि लिहिण्याचा हक्क म्हणजे त्यात नवी फाईल घालणं, नाव बदलणं आणि काढून टाकणं.

हे शेवटचं नीट लक्षात घ्या. फाईल उडवता येते की नाही हे फाईलच्या परवानगीवर ठरत नाही, फोल्डरच्या परवानगीवर ठरतं. चुकाऱ्याची फाईल ४४० करून "आता कोणी हात लावू शकत नाही" म्हणून निश्चिंत होणारे पुष्कळ आहेत. फोल्डरवर गटाला लिहिण्याचा हक्क असेल तर गटातला कोणीही ती उडवून त्याच नावाची नवी ठेवू शकतो.

वाट कुठे अडली आहे हे शोधायला एक फार चांगलं, पण फार कमी लोकांना ठाऊक असलेलं साधन आहे: नेमआय -एल आणि पुढे फाईलचा पूर्ण पत्ता. मुळापासून फाईलपर्यंत वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक, गट आणि परवानगी ते एकाखाली एक मांडतं. "परमिशन डिनाइड" दिसलं की बाकी काही करायच्या आधी हे चालवा.

बांधणी

सामायिक दप्तर कोणाच्याही होम फोल्डरमध्ये ठेवू नका. उबुंटू २१.०४ पासून नवीन खात्याचं होम ७५० असतं, म्हणजे परक्याला पांदणच बंद. त्यासाठी /एसआरव्ही ही जागा आहे. खालच्या आज्ञांत सुडो म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या हक्काने चालवणं आणि रूट म्हणजे यंत्रावर सगळे हक्क असलेलं मूळ खातं. एमकेडिर फोल्डर बनवतं, चाउन मालक आणि गट ठरवतं, सीएचमॉड परवानगी.

सुडो ॲडग्रुप दप्तर
सुडो ॲडग्रुप हिशोब
सुडो एमकेडिर -पी /एसआरव्ही/दप्तर/हिशोब
सुडो चाउन रूट:दप्तर /एसआरव्ही/दप्तर
सुडो सीएचमॉड ७५० /एसआरव्ही/दप्तर
सुडो चाउन रूट:हिशोब /एसआरव्ही/दप्तर/हिशोब
सुडो सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/दप्तर/हिशोब

काटा आणि सभासद यांचंही असंच. दप्तर या गटात कार्यालयातले सगळे. तो फक्त फाटकातून आत यायचा हक्क. वरच्या फोल्डरवर ७५० असल्यामुळे तिथे कोणी "न्यू फोल्डर ३" करून पसारा मांडू शकत नाही. नवीन माणसाला हिशोब गटात घातलं आणि दप्तर गटात घालायचं राहिलं, तर त्याची बंडी फाटकावरच थांबते. ही चूक नेहमीची आहे.

२७७० मधला पहिला २ हा या सगळ्या बांधणीचा कणा. त्याला सेटजीआयडी म्हणतात. तो नसेल तर ताईंनी केलेली फाईल ताईंच्या वैयक्तिक गटाची होते आणि सचिवांना ती मिळत नाही. तो असेल तर त्या फोल्डरमध्ये जन्मलेली प्रत्येक फाईल हिशोब गटाची होते, आणि आत केलेल्या नव्या फोल्डरलाही तो आपोआप लागतो. एलएस -एलडी केल्यावर गटाच्या तीन अक्षरांत एक्सच्या जागी एस दिसला म्हणजे तो लागला. आधीपासून आत असलेल्या फोल्डरांना मात्र तो लागत नाही. त्यांना एकदा हाताने लावावा लागतो:

सुडो फाइंड /एसआरव्ही/दप्तर/हिशोब -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड जी+एस {} +

गट बरोबर लागला तरी अर्धं काम उरतं. तक्रार अशी येते: "भाऊ, फाईल उघडते, पण सेव्ह होत नाही." कारण यूमास्क. नवी फाईल जन्मताना कोणते हक्क छाटायचे ते हा आकडा सांगतो. ०२२ असेल तर गटाचा लिहिण्याचा हक्क छाटला जातो, फाईल ६४४ होते. ००२ असेल तर ६६४ होते आणि काम चालतं. प्रत्येकाच्या खात्यातून यूमास्क असं टाइप करून बघता येतं, पण प्रत्येकाच्या सेटिंगमागे धावण्यापेक्षा फोल्डरलाच सांगून ठेवणं पक्कं.

फोल्डरला मूळ नियम लावायची आज्ञा अशी:

सुडो सेटएफएसीएल -डी -एम जी::आरडब्ल्यूएक्स,ओ::--- /एसआरव्ही/दप्तर/हिशोब

फोल्डरवर असा मूळ नियम असला की लिनक्स त्यात यूमास्क बघतच नाही. आज्ञा सापडली नाही तर एसीएल नावाचं पॅकेज टाका.

माणसाला गटात घालायला सुडो ॲडयूजर नाव हिशोब. हीच आज्ञा वापरा, असं माझं ठाम मत आहे. इंटरनेटवर सगळीकडे यूजरमॉड -एजी दिसतं, त्यात ए लहान आणि जी मोठा. घाईत लहान ए सुटला की तो माणूस बाकी सगळ्या जादा गटांतून बाहेर फेकला जातो, आणि पडद्यावर एक शब्दही येत नाही. ते खातं प्रशासकाचं असेल तर सुडोचा हक्कही गेला. मग बूट होताना रिकव्हरी मोडमध्ये जाऊन रूटच्या टर्मिनलमधून त्याला सुडो गटात परत घालावं लागतं. म्हणून प्रशासकाचं दुसरं एक खातं करून ठेवा आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात सचिवांच्या कपाटात ठेवा.

गट बदलल्यावर त्या माणसाने पूर्ण लॉगआउट करून पुन्हा यायला हवं. गट लॉगिनच्या वेळीच मोजले जातात. तपासताना इथे एक फसगत होते. आयडी नाव असं टाइप केलं की नोंदवहीतले गट दिसतात, आणि नुसतं आयडी टाइप केलं की चालू सत्रातले. पहिल्यात हिशोब दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, म्हणजे लॉगआउट राहिलंय. सुडो -यू नाव टच करून घेतलेली चाचणीही अशीच फसवते: ती नोंदवहीतून ताजे गट घेते, त्यामुळे ती पास होते आणि खुर्चीवरच्या माणसाचं काम मात्र अडलेलंच राहतं.

कट-पेस्टचं दुखणं

सगळं नीट लावून दोन आठवडे होतात आणि तक्रार पुन्हा येते: एक-दोनच फाईली उघडत नाहीत, बाकी चालतात. जवळजवळ नेहमी त्या स्कॅनरच्या असतात. स्कॅनचा प्रोग्रॅम पासबुकाचं चित्र ताईंच्या स्वतःच्या डॉक्युमेंट्समध्ये टाकतो. ताई ते कट करून सभासद फोल्डरमध्ये पेस्ट करतात. हलवलेली फाईल नव्याने जन्मत नाही, म्हणून ती आपला जुना गट आणि जुनी परवानगी घेऊनच येते. सेटजीआयडी आणि मूळ नियम दोन्ही फक्त जन्माच्या वेळी लागतात. टर्मिनलमधून सीपीने कॉपी केली तर गट नवा लागतो, पण हक्क मूळ फाईलपेक्षा जास्त मिळत नाहीत: मूळ ६०० असेल तर कॉपीही गटाला बंदच.

खरा उपाय म्हणजे स्कॅनच्या प्रोग्रॅममध्ये सेव्हची जागाच सभासद फोल्डर करणं. तरी चुका होतातच, म्हणून रात्री किंवा कार्यालय उघडायच्या आधी रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणारी सोय) दोन ओळी चालू द्या:

सीएचजीआरपी -आर सभासद /एसआरव्ही/दप्तर/सभासद
सीएचमॉड -आर जी+आरडब्ल्यूएक्स,ओ= /एसआरव्ही/दप्तर/सभासद

दोन्ही -आर मोठे, आणि दुसऱ्या ओळीतला एक्सही मोठाच हवा. मोठा एक्स चालण्याचा हक्क फोल्डरांना देतो. साध्या फाईलींना देत नाही. तिथे आकडा वापरून ७७० लिहिलं तर प्रत्येक पासबुकाचं चित्र "चालवता येणारा प्रोग्रॅम" होतं. ६६० लिहिलं तर आतल्या सगळ्या फोल्डरांची पांदण एका झटक्यात बंद.

आणि ७७७. इंटरनेटवर कुठेही जा, कोणीतरी हाच सल्ला देतो. ७७७ ने तक्रार थांबते हे खरं, कारण कुंपणच काढून टाकलेलं असतं. त्या दिवसापासून काटेवाल्याच्या खात्यातूनही आधार कार्डं उघडतात. वरून -आर लावलेलं असेल आणि तिरप्या रेषेनंतर चुकून एक रिकामी जागा पडली, / एसआरव्ही/दप्तर अशी, तर आज्ञा मुळापासून सगळ्या यंत्रावर चालते. सुडोच्या प्रोग्रॅमवरची खास खूण पुसली जाते, त्याची सेटिंगची फाईल जगाला उघडी दिसते म्हणून सुडो काम करायला नकार देतं, आणि परतीची आज्ञा नाही. बॅकअप काढून यंत्र नव्याने बसवणं एवढंच हातात राहतं.

सामायिक फोल्डर म्हणजे गावचं खळं

खळ्यावर प्रत्येकजण आपली गंजी लावतो, पण दुसऱ्याची गंजी कोणी उचलत नाही. त्यासाठी स्टिकी बिट असतो, त्याचा आकडा १०००. सेटजीआयडीसह सामायिक फोल्डरला ३७७० लावा. आता गटातला कोणीही फाईल ठेवू शकतो, पण ती उडवणं किंवा तिचं नाव बदलणं ठेवणाऱ्यालाच जमतं.

एक गैरसोय होते, आणि ती आपल्याकडे जास्त, कारण लाईन कधी जाईल याचा नेम नसतो. लिबरऑफिसमध्ये फाईल उघडी असताना शेजारीच एक लपलेली कुलपाची फाईल तयार होते. तिचं नाव टिंबाने सुरू होतं आणि हॅशने संपतं. लाईन गेली की ती तशीच राहते. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस तीच यादी उघडायला गेला की "ही फाईल अमक्याने उघडली आहे" असं येतं, आणि तो अमका तर गावात लग्नाला गेलेला. फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की ती दिसते. कोणाचं सत्र मागे चालू नाही ना, एवढं बघून ती उडवायची. २७७० च्या फोल्डरमध्ये गटातल्या कोणालाही ती उडवता येते. ३७७० मध्ये ज्याची त्यालाच किंवा प्रशासकाला. म्हणून रोजच्या हिशोबाला २७७० आणि नमुने, अर्ज, फोटो यांना ३७७०, अशी विभागणी बरी पडते.

लेखापरीक्षक आले की

वर्षातून काही दिवस तालुक्याहून लेखापरीक्षक येतात. त्यांना हिशोब वाचायला द्यायचा, बदलायला नाही. हिशोब गटात घातलं तर त्यांना लिहिण्याचाही हक्क मिळतो. इथे एसीएल, म्हणजे एकेका माणसाला द्यायच्या जादा हक्कांची यादी, कामाला येतं: त्यांचं वेगळं खातं करा, मग

सुडो सेटएफएसीएल -एम यू:नाव:एक्स /एसआरव्ही/दप्तर
सुडो सेटएफएसीएल -आर -एम यू:नाव:आरएक्स /एसआरव्ही/दप्तर/हिशोब

पहिली ओळ पांदण मोकळी करते, दुसरी वाचू देते. दुसरीत -आर मोठं आणि शेवटचा एक्सही मोठा. एलएस -एल मध्ये परवानगीच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसू लागतं. ते दिसलं की समोरच्या नऊ अक्षरांवर विसंबू नका, गेटएफएसीएल चालवून बघा. एसीएल असलेल्या फाईलवर सीएचमॉडचा मधला आकडा गटाचा राहत नाही, तो मास्क होतो, म्हणजे सगळ्या जादा हक्कांवरची कमाल मर्यादा. कोणी ७०० केलं की गट आणि लेखापरीक्षक दोघेही बाहेर. काम झालं की -एमच्या जागी -एक्स, आणि यू:नाव एवढंच लिहून दोन्ही ठिकाणचा हक्क काढून घ्या.

विंडोजचा लॅपटॉप सांबातून (लिनक्सचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम) जोडत असाल तर वाटणीच्या सेटिंगमध्ये व्हॅलिड यूजर्समध्ये @हिशोब, फोर्स ग्रुप हिशोब, क्रिएट मास्क ०६६० आणि डिरेक्टरी मास्क २७७० लिहा. सांबाचा पासवर्ड वेगळा असतो, तो एसएमबीपासडब्ल्यूडी -एने द्यावा लागतो. पेनड्राइव्हवर बॅकअप घेताना लक्षात ठेवा की फॅट३२ आणि एक्सफॅटला मालक-गट हा प्रकारच ठाऊक नाही. फाईली सुट्या कॉपी केल्या तर परत आणताना सगळे हक्क गेलेले असतात. टार या आज्ञेने सगळ्या फाईलींची एक गाठोडी बांधून तीच पेनड्राइव्हवर टाका, आणि एसीएल वापरत असाल तर टारला --एसीएल्स हा पर्याय द्या, नाहीतर ते मागे राहतात. पण ही गाठोडी ज्याच्या खिशात, त्याच्या हातात सगळे आधार कार्ड. फाईलच्या परवानग्या चालू यंत्रावरच पाळल्या जातात. पेनड्राइव्ह कपाटात, कुलपात.

हंगामापुरता माणूस

कापसाच्या हंगामात काट्यावर एखादा पोरगा वाढवला जातो. त्याचं खातं करतानाच त्याचा शेवट लिहून ठेवा:

सुडो चेज -ई २०२७-०३-३१ नाव

ई मोठा. त्या तारखेपासून लॉगिन आपोआप बंद. पुढच्या दिवाळीला तोच पोरगा आला की तारीख पुढे न्यायची. पासडब्ल्यूडी -एल ने नुसता पासवर्ड बंद होतो. एसएसएचची (दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करायची) किल्ली दिलेली असेल तर तिने तो येतच राहतो. सांबाचं खातंही वेगळं बंद करावं लागतं, एसएमबीपासडब्ल्यूडी -डी ने.

कायमचं सोडून गेलेल्याचं खातं लगेच उडवू नका. फाईलवर मालकाचं नाव कधीच लिहिलेलं नसतं, नंबर लिहिलेला असतो. उबुंटूत तो १००० पासून सुरू होतो. खातं उडवलं की नंबर मोकळा होतो आणि ॲडयूजर पुढच्या माणसाला पहिला मोकळा नंबर देतं. त्यामुळे गेल्या हंगामाच्या पावत्या नव्या माणसाच्या नावावर दिसायला लागतात, आणि कापसाच्या दरावरून झालेल्या वादात कोणी "ही पावती कोणी काढली" विचारलं तर यंत्र चुकीचं नाव सांगतं. आधी सुडो चेज -ई १ नाव या आज्ञेने खातं बंद करा, माणसाला गटांतून काढा (सुडो जीपासडब्ल्यूडी -डी नाव काटा), मग सुडो फाइंड /एसआरव्ही -यूजर नाव चालवून त्याच्या फाईलींची यादी काढा. ती यादी छापून सचिवांची सही घेऊन दप्तरात लावा, आणि खातं बंद अवस्थेत तसंच राहू द्या.